अस्मानी, सुलतानी आणि बिल्टी

२०१७ च्या जुलैतली संध्याकाळ. पुण्याच्या छापखान्यातून निघालेले पुस्तकांचे वीस गठ्ठे सांगलीत माझ्या दारात उतरत होते. पाऊस नुकताच थांबला होता. टेम्पोवाल्याला अजून चार ठिकाणी माल टाकायचा होता आणि हमाल भराभर गठ्ठे ओसरीवर रचत होता. टेम्पोवाल्याने कागद पुढे केला. "साहेब, इथं एक सही." मी केली. सहीच्या वर छापलेलं होतं : वीस नग, माल सुस्थितीत मिळाला.

रात्री मोजले तर गठ्ठे एकोणीस. त्यातले पाच बुडापासून भिजलेले. एका गठ्ठ्यात तीस प्रती. म्हणजे सहाशेच्या आवृत्तीतल्या १८० प्रती गेल्या. एका प्रतीचा खर्च १४० रुपये, एकूण २५,२०० रुपये. मोठ्या व्यापाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण पुस्तक एका निवृत्त शिक्षिकेच्या आठवणींचं होतं आणि छपाईचा निम्मा खर्च त्यांनी पेन्शनीतून साठवलेल्या पैशांतून दिला होता. दुसऱ्या दिवशी त्यांना फोन केला. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वाटेत पाऊस फार होता का हो?"

बाई माझी समजूत काढताहेत असं मला तेव्हा वाटलं. पुढे या विषयाचे कायदे आणि जुने ग्रंथ वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की वाटेत बिघडलेल्या मालाचं भांडण गेली दीड हजार वर्षं याच प्रश्नापाशी येऊन थांबतं आहे. नुकसान कशाने झालं, आणि ते टाळणं वाहणाऱ्याच्या हातात होतं का?

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात मालवाहकाविषयी एक श्लोक आहे. राजामुळे किंवा दैवामुळे नाही, तर अन्य कारणाने माल नष्ट झाला, तर वाहकाने तो भरून द्यावा, असं तो सांगतो. त्याच श्लोकात पुढे, ऐन निघण्याच्या वेळी खोळंबा करणाऱ्या वाहकाकडून दुप्पट मजुरी वसूल करावी, असंही म्हटलं आहे. म्हणजे माल गहाळ होणं आणि माल वेळेवर न निघणं, या दोन्ही तक्रारी तेव्हाच्या व्यापाऱ्यांनाही ठाऊक होत्या. मनुस्मृतीत हाच नियम नावाड्यांना लावला आहे : नावाड्यांच्या चुकीने नुकसान झालं तर त्यांनी ते वाटून भरावं, दैवी आपत्तीत त्यांना दंड नाही. याज्ञवल्क्यावरची प्रसिद्ध मिताक्षरा टीका लिहिणारा विज्ञानेश्वर चालुक्यांच्या कल्याणीचा. ते कल्याणी, म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्या लातूर-धाराशिवच्या सीमेला लागून आहे.

दैव आणि राजा हे दोन अपवाद वाचताना मराठी माणसाच्या तोंडी आपोआप 'अस्मानी-सुलतानी' हा शब्द येतो. आपण तो बहुधा शेतकऱ्याच्या संदर्भात वापरतो : दुष्काळ, गारपीट ही अस्मानी, स्वारी, लूट, जुलूम ही सुलतानी. शब्द फारसी वळणाचा, पण विभागणी तीच. माणसाच्या हिशेबाबाहेरची संकटं कोणती, हे आधी ठरवायचं आणि उरलेल्या सगळ्याला माणूस जबाबदार धरायचा.

मराठी व्यवहारात ही जबाबदारी अंगावर घेणाऱ्याला 'हुंडेकरी' म्हणत. ठरावीक उक्त्या रकमेत, वाटेवरच्या जकातींसकट, माल इथून तिथे पोचवण्याचा मक्ता घेणारा तो हुंडेकरी. आज तो शब्द आडनावातच उरला आहे. समुद्रावरच्या व्यापारात याच्याही पुढे गेलेली एक युक्ती होती : जोखमी हुंडी. साधी हुंडी मुदत भरली की वटते. जोखमी हुंडी माल बंदरात सुखरूप पोचला तरच वटायची. गलबत बुडालं तर हुंडी विकत घेणाऱ्याचे पैसे गेले. म्हणजे तो एकाच वेळी सावकारही होता आणि विमेवालाही.

आता इंग्लंडकडे वळावं लागतं, कारण आपला आजचा कायदा तिथून आला. १७८५ साली तिथे एक खटला झाला. बिअरसाठी लागणाऱ्या हॉप नावाच्या फुलांची पोती एका वाहकाकडे होती. शेजारी लागलेली आग पसरत आली आणि पोती जळाली. वाहकाचा हलगर्जीपणा सिद्ध झाला नाही, तरीही न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी त्याला भरपाई द्यायला लावली. सार्वजनिक मालवाहक हा एक प्रकारचा विमेवालाच आहे. देवाची करणी आणि राजाचे शत्रू एवढेच त्याला अपवाद, असं त्यांचं म्हणणं. एवढी कडक भूमिका का? कारण माल वाटेत असताना मालक तिथे नसतो. वाहकाने चोराशी संगनमत केलं, की खरंच दरोडा पडला, हे मालकाने कुठून सिद्ध करायचं? जे दिसलंच नाही ते शाबीत करण्याचं ओझं त्याच्यावर टाकलं, तर कोणताच दावा टिकणार नाही.

हे तत्त्व हिंदुस्थानात १८६५ च्या वाहक कायद्याने आलं. नुकसान झालं एवढं मालकाने दाखवावं, वाहकाचा निष्काळजीपणा शाबीत करण्याची गरज नाही, असं त्याच्या नवव्या कलमात होतं. पण १८७२ च्या करार कायद्यात ठेवीदाराविषयी वेगळी भाषा होती : दुसऱ्याची वस्तू ज्याच्या ताब्यात आहे त्याने सामान्य शहाण्या माणसाइतकी काळजी घेतली की पुरे. मग वाहक कोणत्या कायद्याखाली? १८७८ साली जीआयपी रेल्वेविरुद्धच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने करार कायद्याच्या बाजूने, म्हणजे वाहकाला सोयीचा, निकाल दिला. कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाने १८८३ मध्ये नेमकं उलट सांगितलं. शेवटी १८९१ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याचं म्हणणं उचलून धरलं. पण तोवर रेल्वेने वेगळी वाट काढली होती. १८९० च्या रेल्वे कायद्याने तिची जबाबदारी ठेवीदाराइतकीच ठेवली. ती पूर्ण वाहकाची झाली १ जानेवारी १९६२ पासून. आज रेल्वेच्या मालाचे दावे १९८९ पासून चालू असलेल्या रेल्वे दावे न्यायाधिकरणापुढे जातात, आणि त्याआधी माल सोपवल्यापासून सहा महिन्यांत रेल्वेकडे लेखी मागणी करावी लागते.

रस्त्यावरच्या मालासाठी १८६५ चा कायदा थेट २०११ पर्यंत चालला. त्याची जागा घेणारा रस्ते मालवाहतूक कायदा २००७ चा, पण अंमल १ मार्च २०११ पासून. त्यातही निष्काळजीपणा शाबीत करण्याचं ओझं मालकावर नाही. अपवाद मोजके : देवाची करणी, युद्ध किंवा सार्वजनिक शत्रू, दंगल, न्यायालयीन जप्ती, आणि सरकारी हुकूम किंवा बंदी. याज्ञवल्क्याने राजाची करणी सोडली होती, इंग्रजांनी राजाच्या शत्रूची. आपल्या कायद्याने दोन्ही घेतल्या. शिवाय अपवाद सांगितला म्हणून वाहक सुटत नाही. त्याने योग्य ती दक्षता घेतली होती का, हे तरीही पाहिलं जातं.

इथे बाईंच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. जुलै महिन्यात पुणे-सांगली रस्त्यावर पाऊस पडणं ही देवाची करणी नव्हे. ज्याचा अंदाज येत नाही आणि ज्यापासून बचाव करता येत नाही, ती देवाची करणी. पावसाळ्यातल्या पावसासाठी ताडपत्री असते. बिल्टीवर बारीक अक्षरात 'माल मालकाच्या जोखमीवर' असं छापलेलं असतं, त्यानेही फार बिघडत नाही. त्या शब्दांआड हलगर्जीपणा लपवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं आहे.

कायदा इतका माझ्या बाजूने असताना मी हरलो कुठे? आठवड्याने ट्रान्सपोर्टच्या कचेरीत गेलो. व्यवस्थापकाने सौजन्याने चहा मागवला आणि माझी सही पुढे ठेवली. "साहेब, सुस्थितीत मिळाला असं तुम्हीच लिहून दिलंय. तुमच्या ओसरीवर भिजले नाहीत कशावरून?" सही म्हणजे अखेरचा पुरावा नव्हे, ती चुकून झाली असं दाखवता येतं. पण दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. फोटो काढले नव्हते. बुरशी धरली म्हणून भिजल्या प्रती चार दिवसांतच रद्दीत घातल्या होत्या.

त्याच कचेरीतल्या एका वयस्क कारकुनाने मात्र गोदामाची वही उघडली. पुण्याहून आलेल्या गाडीतून सांगलीच्या गोदामात एकोणीसच नग उतरल्याची नोंद तिच्यात होती. माझी सही वीस नगांवर असूनही त्यांचाच कागद माझ्या बाजूने बोलला. न आलेल्या गठ्ठ्याचे ४,२०० रुपये मिळाले. भिजलेल्या पाचांचे २१,००० गेले.

म्हणून दावा हा वकिलाकडे नव्हे, दारात सुरू होतो. नग मोजल्याशिवाय सही नाही. गठ्ठा फाटका, ओला, हलका वाटला तर पावतीवरच शेरा लिहायचा : 'पाच नग बुडाशी ओले, एक नग कमी'. ड्रायव्हर कुरकुरला तर त्याचीही सही घ्यायची. फोटो उघडण्याआधीचे आणि नंतरचेही. वाहकाला लगेच पत्र लिहून पाहणीला बोलवायचं, आणि पाहणी होईपर्यंत खराब माल वेगळा काढून जपायचा, कारण आणखी खराब होऊ न देणं हेही मालकाचं काम. मग बिल्टी, बीजक, शेऱ्याची पावती जोडून रकमेसह लेखी मागणी. ही नोटीस १८० दिवसांत पोचली नाही तर दावाच दाखल होत नाही. आणि हे दिवस माल मिळाल्यापासून नव्हे, माल बुक केल्याच्या तारखेपासून मोजायचे. अनेक दावे इथेच बुडतात.

एवढं करूनही पूर्ण रक्कम मिळेलच असं नाही. २०११ च्या नियमांनुसार वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहापट रकमेपुरती. जास्त हवी असेल तर माल पाठवतानाच जोखमीचा चढा दर भरायला हवा. माझं भाडं होतं १,२०० रुपये. म्हणजे शेरा मारला असता तरी कमाल १२,०००. उरलेल्या रकमेसाठी विमाच हवा, आणि तोही वाचून घेतलेला. देशांतर्गत वाहतुकीच्या विम्यात 'अ', 'ब', 'क' अशा पायऱ्या असतात. 'क' आगीपुरता आणि विजेपुरता. 'ब' त्यात गाडी उलटणं, टक्कर, पूल कोसळणं धरतो. पावसाने भिजण्याची भरपाई हवी तर 'अ'च घ्यावा लागतो. विमा कंपनी पैसे देते तेव्हा मालकाचा हक्क तिच्याकडे जातो आणि ती वाहकामागे लागते. म्हणून विमा असला तरी शेरा आणि नोटीस चुकवून चालत नाही. आणि उशिराचं नुकसान 'अ' विम्यातही सहसा धरलं जात नाही. दिवाळी अंक तुळशीच्या लग्नानंतर पोचला, तर प्रती कोऱ्या करकरीत असूनही त्यांची रद्दी होते. त्याची भरपाई विम्यात शोधू नये.

बाईंचे पैसे मी परत केले. त्यांनी घ्यायला बरेच आढेवेढे घेतले. मी त्यांना पाऊस आणि ताडपत्री यांतला फरक समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझा प्रश्न बरोबर होता. तुम्ही फक्त तो टेम्पोवाल्यालाच विचारायला हवा होता."

आता माझ्या ओसरीवर गठ्ठे उतरतात तेव्हा मी आधी खालचा थर हाताने चाचपतो. टेम्पोवाले कंटाळतात. वरच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून मी सावकाश लिहितो : नग वीस, मोजून घेतले, कोरडे. मग सही करतो.