काम मागितले, पण पोच घेतली का?

रोजगार हमीचे काम मिळत नाही, अशी तक्रार घेऊन पिशोर आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसे येतात, तेव्हा मी पहिला प्रश्न एकच विचारतो, "पोच कुठे आहे?" बहुतेकांकडे ती नसते. रोजगार सेवकाला सांगितले होते, सरपंचांच्या कानावर घातले होते, ग्रामसभेत बोललो होतो, अशी उत्तरे मिळतात. ती खोटी नसतात. पण मी स्वतः वीस वर्षे कारकुनी करतो आहे. कानावर घातलेली गोष्ट दप्तरात जात नाही आणि जी दप्तरात नाही ती सरकारच्या लेखी घडलेलीच नसते. बेकारी भत्ता मिळणार की बुडणार, हे काम मागण्याच्या दिवशीच ठरून जाते.

असा भत्ता आहे, हेच अनेकांना ठाऊक नाही. भत्ता म्हणजे शहरातल्या पदवीधरांसाठी काहीतरी, असा समज आहे. वास्तविक तो खडी फोडणाऱ्या, माती उचलणाऱ्या माणसाचा कायदेशीर हक्क आहे आणि त्याची सुरुवात आपल्याच राज्यात झाली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात हा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे खडीवर गेली. त्या अनुभवातून रोजगार हमी कायदा १९७७ मध्ये झाला व २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. संविधानाच्या कलम ४१ मध्ये कामाचा हक्क आणि बेकारीत सरकारी साहाय्य या दोन्ही गोष्टी बाबासाहेबांच्या हयातीतच लिहिल्या गेल्या होत्या, पण मार्गदर्शक तत्त्व म्हणून. त्यावर कोर्टात जाता येत नव्हते. महाराष्ट्राने त्याचा कायदा केला.

पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न तेव्हा आला आणि त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला. माझ्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, ते या कराचे. पगारदार बांधवांनी ही कपात एकदा नीट पाहावी. हा कर गावाकडच्या मजुराच्या कामासाठी म्हणून सुरू झाला होता.

सुरुवातीला भत्ता दिवसाला एक रुपया होता. त्यासाठी तालुक्याला खेटे घालणार कोण? २००५ च्या केंद्रीय कायद्याने मात्र हिशेब बदलला. अर्ज दिल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळाले नाही, तर पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा आणि त्यापुढे त्या आर्थिक वर्षात किमान निम्मा, असा भत्ता ठरला. महाराष्ट्राचा मजुरी दर २०२५-२६ साली ३१२ रुपये होता. म्हणजे पहिला महिना रोज ७८ रुपये, नंतर १५६ रुपये. घरातल्या दोघांनी तीस दिवस काम मागितले आणि काहीच मिळाले नाही, तर पहिल्या महिन्याचेच ४,६८० रुपये होतात.

आता पोच का मिळत नाही, ते पाहा. मजुरीचा पैसा या कायद्यात केंद्राकडून येत होता, पण बेकारी भत्ता राज्याच्या तिजोरीतून द्यायचा होता. भत्ता द्यावा लागला म्हणजे काम का दिले नाही, याचा जाब कोणाला तरी द्यावा लागणार. त्यामुळे तारीख घातलेली पोच हातात पडली की कचेरीच्या गळ्याला फास लागतो. मग अर्ज "ठेवून जा" म्हणतात, "काम निघाले की कळवू" म्हणतात, किंवा काम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी सर्वांचे अंगठे एकदम घेतात. अंगठ्याच्या जागी तारीखही तीच पडते. मग कागदावर कोणी एक दिवसही बेकार राहिलेला नसतो!

म्हणून काम मागण्याचा नमुना चार भरताना तारीख स्वतः घाला. कोणत्या दिवसापासून व किती दिवस काम पाहिजे, ते अंकात आणि अक्षरात लिहा. सलग किमान चौदा दिवस मागावे लागतात. जॉबकार्डाचा क्रमांक विसरू नका. अर्जाच्या दोन प्रती करा आणि दुसरीवर सही, शिक्का, तारीख घ्या. ग्रामपंचायतीत घेत नसतील तर कन्नडला तहसील कचेरीच्या आवक विभागात द्या. तेथेही टाळाटाळ झाली तर टपालाने पाठवा. जुने रजिस्टर पोस्ट सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात मिसळले आहे, तेव्हा स्पीड पोस्ट पोचपावतीसह करा. आमच्या भागातल्या एका वस्तीतल्या अकरा बायकांनी असाच एकत्र अर्ज टपालाने पाठवला होता. त्यांना भत्त्याचा एक पैसा मिळाला नाही. कारण बाराव्या दिवशी काम निघाले.

वेळ साधणे सर्वांत महत्त्वाचे. कपाशी वेचून झाली, मका निघाला की वस्तीत काम उरत नाही आणि मुकादम उचल घेऊन दारात येतो. एकदा उचल घेतली की कुटुंब ऊसतोडीला, पोरांची शाळा बुडते. अर्ज आगाऊ देता येतो. कार्तिकात काम हवे असेल तर दसऱ्यालाच द्यावा, मुकादमाच्या आधी.

काम मिळाल्यावर गैरहजर राहू नका. बोलावणे आल्यावर पंधरा दिवसांत हजर झाले नाही, किंवा परवानगीशिवाय सलग आठवड्याहून अधिक गैरहजर राहिले, तर तीन महिने भत्ता मागता येत नाही, अशी अट २००५ च्या कायद्यात होती. आजारपण असेल तर डॉक्टरची चिठ्ठी जपून ठेवा. काम गावापासून पाच किलोमीटरपेक्षा लांब दिले तर दहा टक्के जादा मजुरी आहे. लांब आहे म्हणून घरी बसू नये.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुन्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा मंजूर केला. त्यात शंभराऐवजी १२५ दिवस आहेत, पण पेरणी-कापणीच्या काळात वर्षाला साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूदही आहे. पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता, हे सूत्र त्यातही आहे. अर्ज कोणत्या नमुन्यात घेतला जातो, हे तहसीलात विचारून मगच भरा.

ज्यांची मुले वाळूजला कारखान्यात आहेत त्यांची वाट वेगळी आहे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४४ साली प्रा. अडारकरांचा अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा उभा राहिला. त्याच महामंडळाने २०१८ मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना काढली. नोकरी गेल्यास आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त नव्वद दिवस, सरासरी रोजंदारीचा पाव हिस्सा. २०२० च्या टाळेबंदीत तो निम्मा केला. योजना मुदतवाढीवर चालत आली आहे, म्हणून आजची स्थिती शाखा कार्यालयात विचारावी. गैरवर्तनाचा ठपका ठेवून काढलेल्याला हा लाभ नाही, तेव्हा ठेकेदाराने पुढे केलेल्या कागदावर न वाचता सही करू नका. आपली वर्गणी खरेच भरली जाते का, हे नोकरी असतानाच तपासा.

भत्ता नाकारला तर काय? या योजनेचा कार्यक्रम अधिकारी म्हणजे तहसीलदार. ग्रामपंचायतीविरुद्धची तक्रार त्यांच्याकडे करायची. ती सात दिवसांत निकालात काढावी, असे २००५ च्या कायद्याने सांगितले होते. तहसीलदारांविरुद्ध दाद जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे छत्रपती संभाजीनगरला. तक्रार लेखी, पोच जोडून, तिचीही पोच घेऊन. पोच नसेल तर माहितीच्या अधिकाराखाली आवक नोंदवहीची नक्कल मागावी. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तोही नाही, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.

भगिनींसाठी एक गोष्ट. अर्जावर नवऱ्याबरोबर आपले नावही स्वतंत्र लिहा आणि बँकेचे खाते आपले द्या. टाकलेली किंवा विधवा बाई भावाच्या कार्डावर अडकून पडते आणि दिवस भावाच्या घरात वाटले जातात. तिला वेगळे जॉबकार्ड मिळू शकते. त्याची नोंदणी ग्रामपंचायतीतच होते, फोटो आणि अर्जाला पैसे पडत नाहीत. त्या अर्जाचीही पोच घ्यावी.