आधी ‘य’ एकटा करायची सक्ती कुणी केली?

फेब्रुवारी उजाडला की आमच्या सोसायटीतली दहावीची मुलं आलेखकागद घेऊन माझ्याकडे येऊ लागतात. दोन चलांतली रेषीय समीकरणं हे गणित भाग १ मधलं पहिलंच प्रकरण. पहिलंच असल्यामुळे ते जूनमध्ये शिकून होतं आणि दिवाळीपर्यंत विसरूनही होतं. समोर समीकरण असतं, समजा, ३क्ष + ४य = १२. (पुस्तकात आता रोमन अक्षरं असतात. मी आमच्या वेळचे क्ष आणि य सोडलेले नाहीत.) मी काही बोलायच्या आत पेन्सिल चालू लागते: ४य = १२ − ३क्ष, म्हणून य = (१२ − ३क्ष)/४. मग तक्ता. क्ष च्या किमती १, २, ३. य च्या किमती आल्या ९/४, ३/२ आणि ३/४. आता सव्वादोन कुठे आणि पाऊण कुठे, हे शोधत आलेखकागदावरच्या बारीक रेघा मोजणं सुरू.

“असं का केलंस गं?”

“काकू, आधी य एकटा करायचाच असतो. त्याशिवाय आलेख निघतच नाही.”

हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. हुशार मुलांकडून ऐकते, त्यांच्या आईवडिलांकडून ऐकते, आणि एकदा तर एका क्लासच्या छापील नोट्समध्ये चौकटीत ‘नियम’ म्हणून वाचलं. असा नियम नाही. आलेख म्हणजे समीकरण खरं करणाऱ्या सगळ्या जोड्यांचं चित्र. बालभारतीच्या पुस्तकातही आलेखाची पहिली पायरी क्रमित जोड्या शोधण्याची आहे. त्या कोणत्या वाटेने शोधायच्या हा तुमचा प्रश्न. मग अपूर्णांकांच्या काट्यातून जाणारी वाट कशाला धरायची?

त्याच समीकरणात ‘३क्ष’ वर बोट ठेवा, म्हणजे क्ष शून्य धरला. उरलं ४य = १२, य = ३. बिंदू (०, ३). आता बोट ‘४य’ वर ठेवा. ३क्ष = १२, क्ष = ४. बिंदू (४, ०). हे दोन बिंदू दोन अक्षांवरच पडतात आणि पट्टी ठेवली की रेषा तयार. कागदावर काहीही न लिहिता. तिसरा बिंदू हवा तर (४, ०) पासून आणखी ४ घरं उजवीकडे आणि ३ घरं खाली जा: (८, −३). ताळा पाहा, २४ − १२ = १२.

चार उजवीकडे गेलं की तीनच खाली का, हे कळलं की समीकरणाचं हे मानक रूप, म्हणजे अ·क्ष + ब·य = क, आवडायला लागतं. (मधलं टिंब मुद्दाम दिलंय. ते काढलं की पहिलं पद ‘अक्ष’ होतं आणि आणखी एक गैरसमज जन्माला येतो.) समजा तुमच्याकडे ३०० रुपये आहेत आणि ते फक्त पन्नासच्या आणि वीसच्या नोटांत आहेत. पन्नासच्या क्ष नोटा, वीसच्या य नोटा: ५०क्ष + २०य = ३००. दहाने भागलं की ५क्ष + २य = ३०. सगळ्या पन्नासच्या असतील तर ६ नोटा, सगळ्या वीसच्या असतील तर १५. आता भाजीवाल्या मावशींकडे सुट्टे मागा. पन्नासच्या दोन दिल्या की त्या वीसच्या पाच देतील. म्हणून (६, ०) नंतर (४, ५), मग (२, १०), मग (०, १५). क्ष दोनने उतरतो, य पाचने चढतो. क्ष चा सहगुणक ५ आणि य चा २, पण पावलं उलटी: क्ष च्या दिशेने २, य च्या दिशेने ५. नोट जितकी मोठी, तितक्या कमी नोटा हलतात. रेषेचा चढ म्हणजे हा सुट्ट्यांचा भाव, इथे −५/२.

इथेच दुसरा गैरसमजही गळून पडतो. ‘क्ष च्या पुढचा आकडा म्हणजे चढ’ हे य एकटा असतानाच खरं. मानक रूपात चढ −अ/ब असतो. तरी ५क्ष + २य = ३० या रेषेचा चढ ५ आहे असं छातीठोकपणे सांगणारी मुलं मला भेटतात. पाच नाही आणि धनही नाही.

आणि रेषेवरचा प्रत्येक बिंदू उत्तर असतो का? समीकरणाचं उत्तर असतो, नोटांच्या कोड्याचं नाही. (३, ७.५) हा बिंदू रेषेवर चोख बसतो. साडेसात नोटा कोण देणार?

अक्षांवरचे बिंदू काढायची युक्ती नेहमी गोड निघेल असंही नाही, हे कबूल करते. ३क्ष + ५य = ७ घ्या. बोटाने झाकलं की ७/५ आणि ७/३ हाती लागतात. अशा वेळी पूर्णांक बसतो का ते चाचपून पाहायचं. क्ष = −१ घेतला की ५य = १०, य = २. एकदा (−१, २) सापडला की पुन्हा तोच सुट्ट्यांचा हिशोब: पाच उजवीकडे, तीन खाली. (४, −१), (९, −४). अशा समीकरणांची पूर्णांक उत्तरं काढायची कुट्टक नावाची रीत आर्यभटाने ४९९ सालच्या ‘आर्यभटीया’त दिली आहे. कधी मात्र पूर्णांक उत्तर नसतंच. २क्ष + ४य = ७ मध्ये डावी बाजू कोणत्याही पूर्णांकांना सम येणार आणि उजवीकडे विषम ७ बसलेला. तिथे (३.५, ०) आणि (१.५, १) घ्या आणि पुढे चला. ७ ऐवजी ० असेल, जसं २क्ष − ३य = ०, तर रेषा आरंभबिंदूतून जाते, दोन्ही अक्षांवरचा बिंदू एकच निघतो आणि दुसरा वेगळा शोधावा लागतो: (३, २).

पण ‘आधी य एकटा’ या हट्टाचं खरं पितळ उघडं पडतं ते क्ष = ४ या रेषेपाशी. हे समीकरण मानक रूपात १·क्ष + ०·य = ४. य एकटा करायला गेलात तर शून्याने भागायची वेळ येते. सरळ उभी रेषा, पट्टीने पाच सेकंदांत निघणारी, आणि या पद्धतीने ती कधीच निघत नाही. ज्या नियमाने रेषांचं एक अख्खं कुटुंब घराबाहेर राहतं, तो आलेखाचा नियम कसा? मानक रूप दोन्ही चलांना सारखं वागवतं. तिथे उभी, आडवी, तिरकी अशी कोणतीही रेषा मावते. अट एवढीच की अ आणि ब दोघेही एकाच वेळी शून्य नकोत.

हा हट्ट आला कुठून याबद्दल माझा एक तर्क आहे. अमेरिकी शाळांत य = म·क्ष + ब हे रूप आठवीतच येतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरवर तर ‘वाय =’ अशी कळच असते. त्या यंत्राला य एकटा करून दिल्याशिवाय चालत नाही. यंत्राची ती गरज तिथल्या व्हिडिओंमधून आपल्या मुलांपर्यंत नियम होऊन पोचली असावी. गंमत म्हणजे डेस्मॉस किंवा जिओजेब्रा या आलेख काढणाऱ्या ॲपना आज ३क्ष + ४य = १२ असंच्या असं दिलं तरी ती रेषा काढून देतात.

य एकटा करणं चूक आहे असं मी म्हणत नाही. चढ पटकन वाचायचा असेल किंवा एक राशी दुसरीवर अवलंबून आहे हे दाखवायचं असेल, उदाहरणार्थ रिक्षाचं भाडं आणि अंतर, तर ते रूप उत्तमच. राग आहे तो ‘त्याशिवाय निघतच नाही’ याचा.

आता बाकीचे गैरसमज, भराभर.

क्ष = ४ ही रेषा क्ष-अक्षाला समांतर असते, असं निम्मा वर्ग सांगतो. ती य-अक्षाला समांतर असते, आणि क्ष-अक्षाचं स्वतःचं समीकरण आहे य = ०.

२क्ष + ३य = ६ आणि ४क्ष + ६य = १२ या दोन रेषा नाहीत, एकच आहे. शेवटी १२ ऐवजी १८ लिहिलं की मग समांतर होतात.

दोन चलं आणि मध्ये बरोबरचं चिन्ह असलं म्हणजे समीकरण रेषीय, असंही नाही. क्ष·य = ६ चे (१, ६), (२, ३), (३, २), (६, १) हे बिंदू मांडून पाहा, पट्टी बाजूला ठेवावी लागेल.

उजवीकडे शून्य असेल तरच ‘खरं’ रूप, हाही वाद घालायचा नाही. आपली पुस्तकं सामान्य रूप म्हणून शेवटी ‘= ०’ लिहितात, अमेरिकी पुस्तकं स्थिर पद उजवीकडे ठेवतात. रेषेला त्याचं काही नाही.

दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखंच हवं असं बंधन नाही. फक्त वेगवेगळं घेतलं तर तिरपेपणा डोळ्यांना फसवतो आणि एकमेकींना लंब असलेल्या रेषा तशा दिसत नाहीत.

‘रेषेला दोन बिंदू पुरतात, मग पुस्तक चार का मागतं? उगाच गुणांसाठी?’ हा प्रश्न मला आवडतो, म्हणून याला जरा जास्त जागा. दोन पुरतात हे भूमितीचं सत्य आहे, पण चुकणारा हात हे माणसाचं. दोनपैकी एक बिंदू चुकला तरी पट्टी निमूट रेषा काढते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. तीन घेतले आणि ते एका रेषेत आले नाहीत, तर काहीतरी चुकलंय एवढं कळतं, कोणता चुकला ते नाही. चार घेतले की तीन एका रेषेत येतात आणि चौथा वेगळा पडतो. गुन्हेगार सापडतो. हे कारण पाठ्यपुस्तकातच दिलेलं आहे, फक्त ते वाचायची पद्धत नाही.

गणितज्ञ देकार्तने काटकोनातले दोन अक्ष आखून आजच्यासारखे आलेख काढले, ही गोष्टही वारंवार सांगतात. त्याच्या १६३७ सालच्या ‘ला जिओमेत्री’ या ग्रंथात तसे अक्ष नाहीत आणि ऋण बाजूची मांडणीही नाही. अज्ञात राशींना वर्णमालेच्या शेवटची अक्षरं द्यायची चाल मात्र त्याचीच. दोन अज्ञातांच्या पहिल्या घाताच्या समीकरणातून सरळ रेषा मिळते हे स्पष्ट मांडलं त्याच काळातल्या फर्माने, पण त्याचं ते लिखाण छापलं गेलं १६७९ मध्ये, तो गेल्यानंतर चौदा वर्षांनी.

शेवटचा गैरसमज: समीकरणात वजा दिसला की रेषा उतरते. याला उत्तर म्हणून मी मुलांना भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तलं एक कोडं देते. बाराव्या शतकातलं आहे. (भास्कराचार्य आपलेच. त्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्याला आहे.) एक मित्र दुसऱ्याला म्हणतो, ‘तू मला शंभर दे, म्हणजे माझ्याकडे तुझ्या दुप्पट होतील.’ दुसरा म्हणतो, ‘तूच मला दहा दे, मग माझ्याकडे तुझ्या सहापट होतील.’ भास्कराचार्य अर्थातच आलेखाशिवाय सोडवतात. त्यांच्याकडे अज्ञाताचं नाव यावत्-तावत्, आणि पुढच्या अज्ञातांना कालक, नीलक अशी रंगांची नावं.

पहिल्याकडे क्ष, दुसऱ्याकडे य. क्ष + १०० = २(य − १००), म्हणजे मानक रूपात क्ष − २य = −३००. दुसरी अट य + १० = ६(क्ष − १०), म्हणजे ६क्ष − य = ७०. दोन्हींत वजा आहे आणि दोन्ही रेषा चढत्या आहेत. सुट्ट्यांचा हिशोब इथे थोडा पालटतो: एक पद वजा असल्यामुळे क्ष वाढला की हिशोब जुळवायला य पण वाढावा लागतो. पहिलीसाठी (०, १५०), मग २० उजवीकडे आणि १० वर: (२०, १६०). दुसरीसाठी बोटाने झाकलं तर (०, −७०) मिळतो. तो कागदाच्या तळाशी जाईल, म्हणून तो सोडून (२०, ५०) घ्या, मग १० उजवीकडे आणि ६० वर: (३०, ११०). अजून दोन-दोन बिंदू घ्या, चार होऊ द्या. प्रमाण १ सेंटिमीटर = २० एकक धरा. पहिली रेषा हळूहळू चढते, दुसरी जवळजवळ उभी धावत येते आणि दोघी भेटतात आरंभबिंदूपासून २ सेंटिमीटर उजवीकडे, साडेआठ सेंटिमीटर वर. पहिल्याकडे ४०, दुसऱ्याकडे १७०.