लाल दिवा विझत नाही तेव्हा

आजोबांच्या काळची अम्बॅसडर रविवारी धुऊन-पुसून बाहेर काढायची, घरच्यांना बसवायचे आणि सुपेल्याहून जी. ई. रोडने दुर्गपर्यंत फेरी मारून आणायची, असा शिरस्ता ज्या घरात आहे त्या घराला एक अनुभव हमखास येतो. जाताना सगळे ठीक असते. परतताना अंधार पडतो, दिवे लावले जातात आणि थोड्या वेळाने ते पिवळे पडू लागतात. हॉर्न घोगरा होतो. डॅशबोर्डवरचा लाल दिवा मात्र विझायला तयार नसतो! दुसऱ्या दिवशी बॅटरी बदलली जाते, आणि चार दिवसांत नवी बॅटरीही बसते. दोष बॅटरीचा नव्हताच. तिला भरणारे यंत्र रुसले होते.

हे यंत्र कोणते, हाच पहिला प्रश्न. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. त्याच सुमारास उत्तरपाड्याची अम्बॅसडरही रस्त्यावर नवी होती. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झाले, म्हणून इथल्या जुन्या गाड्यांचे मूळ क्रमांक मध्य प्रदेशाचे असतात. तेव्हापासून अशा गाडीचे मालक बदलले, मिस्त्री बदलले आणि ज्याने त्याने बॉनेटखाली आपले कसब दाखवले. त्यामुळे मूळचे काय आणि मागाहून बसवलेले काय, हे ओळखल्याशिवाय पाना हाती घेऊ नये.

बॉनेट उघडून फॅन बेल्टचा माग काढा. इंजिनाच्या खालच्या पुलीवरून तो पंख्याकडे आणि तिथून बाजूच्या एका यंत्राकडे जातो. ते यंत्र लांबट, सडपातळ, नळकांड्यासारखे असेल तर तो डायनामो. बुटके, रुंद आणि अंगाला हवेसाठी खिडक्या असलेले असेल तर ऑल्टरनेटर. १९६० च्या दशकातल्या गाडीत मूळचा बहुधा डायनामोच असतो. त्याच्या मागच्या बाजूला तारांची दोन टोके दिसतात. जाड 'डी'चे, बारीक 'एफ'चे.

या दोन तारा एका छोट्या काळ्या डबीत जातात. इंजिन आणि बसण्याची जागा यांच्यामधल्या पत्र्यावर किंवा जवळपासच ती बसवलेली असते. गॅरेजमध्ये तिला सरसकट 'कटआऊट' म्हणतात, पण तिच्या पोटात दोन कामे चालतात. झाकण काढले की तारेच्या गुंडाळ्या दिसतात. एक गुंडाळी म्हणजे खरा कटआऊट. डायनामोचा दाब बॅटरीपेक्षा वाढला की तो दार उघडतो, आणि गाडी मंदावली की बंद करतो. हे दार नसते तर बॅटरीतली वीज उलटी डायनामोत वाहून गेली असती. दुसरी गुंडाळी म्हणजे रेग्युलेटर, तो दाब आवरतो. काही गाड्यांत प्रवाह आवरणारी तिसरीही असते. इथेच एक इशारा. 'ए' खुणेच्या टोकाला बॅटरीची तार बहुधा फ्यूजशिवाय थेट येते. तिथे टेकलेला पाना बॉडीलाही लागला, तर तार तापून पेट घेऊ शकते. डबीला हात लावण्यापूर्वी बॅटरीचे एक टोक सोडावे.

आता खरी फसगत. ऑल्टरनेटर बसवताना पुष्कळ मिस्त्री जुनी डबी काढत नाहीत. तारा जोडायला सोयीची म्हणून ती तशीच राहते. डबी पाहून 'डायनामोची गाडी' असा निष्कर्ष काढणारा इथे फसतो.

आणि ही फसगत महाग असते. डायनामोची जुनी परीक्षा अशी: 'डी' आणि 'एफ'च्या तारा काढायच्या, ती दोन्ही टोके एकमेकांना जोडायची, मीटरची एक तार तिथे आणि दुसरी बॉडीला लावायची आणि इंजिन हलक्या वेगाने चालवायचे. काटा भराभर २० व्होल्टकडे चढला तर डायनामो ठणठणीत, दोष डबीत. अर्धा-एक व्होल्टवर अडला तर फील्डच्या गुंडाळीवर संशय घ्यावा, चार-पाचवर अडला तर आर्मेचरवर. काटा हललाच नाही तर आधी कार्बन ब्रश पाहावेत. २० च्या पुढे नेण्यासाठी इंजिन तापवू नये. ऑल्टरनेटरवर मात्र हा प्रयोग मुळीच करायचा नाही. त्याच्या पोटात डायोड असतात. इंजिन चालू असताना बॅटरीची तार उपटून 'चार्जिंग येते का' पाहण्याची काही गॅरेजांतली सवय त्यांचा घास घेते. तिथे साधा मीटर पुरे: इंजिन बंद असताना बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या आसपास, चालू असताना चौदाच्या आसपास.

बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडले आहे, तेही पाहावे. जुन्या इंग्रजी घडणीच्या पुष्कळ गाड्यांत अधिक टोक बॉडीला असे. नव्या सवयीने बॅटरी उलटी बसवली की डायनामो कदाचित निभावेल, डायोड निभावणार नाहीत.

मग डायनामो काढून सरळ ऑल्टरनेटरच बसवावा का? रोज चालवायची गाडी असेल तर त्यात शहाणपण आहे. मंद वेगातही तो चांगले चार्जिंग देतो. पण २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरील गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते ती मूळ रूप राखले असेल तरच. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये. नियमाचा रोख चॅसी, बॉडी आणि इंजिन यांतल्या बदलांवर आहे. तरी काढलेला डायनामो आणि डबी भंगारात देऊ नये, कापडात गुंडाळून ठेवावीत.

आणि डायनामो जागेवरच असेल, तर त्याच्या मागच्या टोकाला तेलासाठी बारीक भोक दिसते का पाहावे. जुन्या ल्युकास डायनामोंना ते असते. वर्षानुवर्षे तिथे फक्त धूळ गेलेली असते. इंजिन ऑइलचे दोन-तीन थेंब पुरेत; जास्त घातले तर ते ब्रशवर उतरते आणि लाल दिवा पुन्हा पेटतो.