जोगेश्वरीचा शर्ट बोटीने निघतो तेव्हा…

जोगेश्वरीतल्या एखाद्या गाळ्यात शिवलेला शर्ट युरोपला निघतो तेव्हा पहिली परीक्षा समुद्राची नसते, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडची असते! ते दिव्य पार पडलं की खाडीपूल ओलांडून टेम्पो न्हावा-शेवाकडे वळतो. हे बंदर 1989 साली सुरू झालं.

पॅकिंगआधी प्रत्येक नग मेटल डिटेक्टरखालून जातो. शिवताना तुटलेल्या सुईचं टोक कापडात राहिलं तर मशीन लगेच बोंबलतं.

भाडं निव्वळ वजनावर ठरत नाही. माल थोडा असेल तर तो इतरांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये जातो, त्याला एलसीएल म्हणतात. तिथे घनमीटर आणि टन यांपैकी जे जास्त भरेल त्यावर आकारणी होते. 60 × 40 × 40 सेंटिमीटरचे दहा खोके म्हणजे 0.96 घनमीटर. कपडे हलके, त्यामुळे पैसे जातात ते जागेचे.

खरा वैरी मात्र दमट हवा. मुंबईच्या पावसाळ्यात बंद झालेला कंटेनर थंड मुलखात पोचला की आतली वाफ छताला धरते आणि थेंब खोक्यांवर टपकतात. बुरशी लागली की माल गेलाच! म्हणून सिलिका जेलच्या पुड्या, ओलावा शोषणाऱ्या पिशव्या आणि कोरडेठाक खोके.

2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर बऱ्याच बोटी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागल्या. प्रवास दीड-दोन आठवड्यांनी लांबला. हंगाम हुकायची वेळ आली की माल विमानाने पाठवावा लागतो आणि उशीर कारखान्याचा असेल तर ते महागडं भाडं बहुधा त्याच्याच माथी येतं.