बिग कनू : फाटकाआडचा डोंगर

अटलांटाच्या मराठी मंडळींपैकी ज्यांना डोंगराचं वेड आहे, त्यांनी बिग कनूबद्दल वाचायलाच हवं. शहरापासून उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर, ॲपलाचियन रांगेच्या दक्षिण भागात ही वसाहत आहे. सुरुवात १९७२ची, पसारा सुमारे ८,००० एकर. फाटकावर सुरक्षारक्षक असतो. आत तीन तळी, २७ होल्सचं गोल्फ मैदान, टेनिस आणि रानातल्या पायवाटा.

इथला कारभार मालकांची संघटना पाहते. रस्ते, तळी, पायवाटा यांचा खर्च रहिवाशांच्या वर्गणीतून निघतो. त्यामुळे इथे घर घ्यायचं असेल तर त्याच्या किमतीइतकंच या कायमच्या खर्चाकडे आणि नियमावलीकडे बारकाईने बघा. या रानात काळी अस्वलं फिरतात, म्हणून कचरा उघड्यावर ठेवायचा नाही. ही शिस्त मला फार आवडते. माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं अस्वल शेवटी जिवाला मुकतं.

पण माझं मन रमतं ते शेजारच्या माउंट ओगलथॉर्पवर! सुमारे ३,५०० किलोमीटरच्या प्रसिद्ध ॲपलाचियन ट्रेलचं दक्षिण टोक पूर्वी याच डोंगरावर होतं. आसपासची वस्ती वाढली आणि १९५८मध्ये ते स्प्रिंगर माउंटनवर हलवलं गेलं. आजही ॲमिकॅलोलाच्या ७२९ फुटी धबधब्यापासून चालत स्प्रिंगर गाठता येतो. वाट सुमारे १४ किलोमीटरची, बरीच चढाची. सह्याद्रीत घडलेल्या पायांना ती नक्की आवडेल. पाणी भरपूर घ्या.