धक्का, जेट्टी आणि गोदी

मंडळी, आपल्या पिंगळीपासून समुद्र लांब. पण गंगाखेडचा गोदाकाठचा घाट आपण पाहिलाय. तिथे पायऱ्या कशाला? पाणी चढो की उतरो, कुठल्या ना कुठल्या पायरीला नाव लागतेच. मुंबईत हा प्रश्न रोजचाच, कारण मोठ्या भरती-ओहोटीत पाणी चार-पाच मीटर खालीवर होतं.

धक्का म्हणजे काठालगतची भरीव भिंत. जेट्टी मात्र काठापासून आत पाण्यात जाते, मांडव्यासारखी. बोलताना लोक दोन्हींना धक्काच म्हणतात, म्हणू द्या. बांधणाऱ्याने मात्र गल्लत करू नये. जेट्टी खांबांवर असेल तर खालून पाणी आणि गाळ वाहत राहतो. तीच भरीव बांधली की प्रवाह अडतो, एका बाजूला वाळू साचते, दुसरीकडचा किनारा झिजतो. मग कोळ्याची होडी गाळात रुतते.

गोदी वेगळीच. ती नुसतं बांधकाम नव्हे, बांधकामाने वेढलेलं पाणी. १९१४ची अलेक्झांड्रा, म्हणजे आजची इंदिरा गोदी घ्या. जहाज आत घेतात, दरवाजे लावतात. बाहेर ओहोटी लागली तरी आतलं जहाज तरंगतंच.