बास ट्रॉम्बोनवाल्यानं ट्यूबाचं माउथपीस कसं निवडावं?

आजचा विषय तळहातावर मावेल एवढा आहे: ट्यूबाचं माउथपीस. पण प्रश्न विचारणारा माणूस मूळचा बास ट्रॉम्बोनवाला आहे, आणि तिथंच सगळी गंमत आहे.

ब्रॉडवेच्या अनेक संगीत-नाटकांमध्ये एकाच वादकाच्या वहीत बास ट्रॉम्बोन आणि ट्यूबा अशी दोन्ही वाद्यं असतात. याला डबलिंग म्हणतात. कधीकधी मधे जेमतेम आठ-दहा बार मिळतात. तेवढ्यात एक वाद्य खाली ठेवायचं, दुसरं मांडीवर घ्यायचं आणि पहिलाच सूर खणखणीत लागला पाहिजे. नाही लागला तर नाटक थांबत नाही. पुढच्या वेळी बोलावणं मात्र थांबू शकतं.

आता माणूस काय करतो? ओठांना सवयीचं वाटेल असं, म्हणजे शक्य तितकं लहान माउथपीस शोधतो. आकडे बघा. बास ट्रॉम्बोनच्या माउथपीसचा आतला व्यास साधारण २७ ते २९ मिलीमीटर. ट्यूबाचा बहुधा ३१ ते ३३. फरक चार मिलीमीटरचा, तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा. पण ओठांना तो फार मोठा वाटतो.

लहान घेतलं की हाताशी लगेच येतं, हे खरं. पण मग ट्यूबा ट्यूबासारखा वाजत नाही. मोठ्या नळीतून ट्रॉम्बोन वाजतोय असं ऐकू येतं. बीबी-फ्लॅट ट्यूबाची नळी सुमारे १८ फूट, ट्रॉम्बोनची ९ फूट. एवढ्या मोठ्या नळीला जास्त पण संथ हवा लागते. लहान कपात ओठांना मोकळं हलायला जागा उरत नाही आणि खालचे सूर पातळ होतात.

याउलट काही जण थेट सगळ्यात मोठं घेतात. तेही चुकतंच. हवा पुरत नाही, ओठ लवकर थकतात आणि ट्रॉम्बोनवर परत आलं की सूर डगमगतो.

म्हणून माझा सल्ला: मधलं घ्या, पण खरं ट्यूबाचं घ्या. बाखचं १८ नंबर ३२ मिलीमीटरच्या जवळ आहे. २४एडब्ल्यू सव्वाएकतीस, आणि त्याची कड रुंद. रुंद कडेवर ओठांना आधार मिळतो, पण चपळाई थोडी कमी होते. सुरुवात या दोनांपैकी एकापासून करा.

मग कपाचा आकार. वाटीसारखा गोल कप असेल तर सुराची सुरुवात स्पष्ट येते. हेलेबर्ग घराण्याचं माउथपीस नरसाळ्यासारखं, त्याचा आवाज गडद आणि गोल. ट्रॉम्बोनवाल्याला वाटी जवळची वाटते. पण आवाज फार टोकदार यायला लागला, तर नरसाळं एकदा वाजवून बघाच.

आणि शँक विसरू नका, म्हणजे वाद्यात बसणारी दांडी. ट्यूबात मुख्यतः दोन मापं दिसतात: अमेरिकन, आणि किंचित जाड युरोपियन. चुकीची दांडी फार आत जाते किंवा बाहेर राहते, आणि दोष मात्र ओठांच्या नावावर जातो. पैसे देण्याआधी स्वतःच्या वाद्यात घालून बघा.

परीक्षा कशी घ्यायची? दुकानात दहा मिनिटं आवडीचे सूर वाजवू नका. दहा मिनिटं ट्रॉम्बोन वाजवा, लगेच ट्यूबा घ्या, खालचा एक सूर हळू आवाजात सुरू करा. मग पुन्हा ट्रॉम्बोनवर या. दोन्हीकडे पहिला सूर लागला तर माउथपीस तुमचं. आणि एखाद्या मित्राला खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं करा. वाजवणाऱ्याला सोयीचं ते ऐकणाऱ्याला ट्यूबासारखं वाटतंय का, ते तोच सांगेल.

एका श्रोत्यानं विचारलंय, ‘ट्यूबामुळे ट्रॉम्बोनचे ओठ बिघडतात का?’ नाही, पण सरावाचा शेवट ट्रॉम्बोनवर पाच मिनिटं करा. आणि माउथपीस दर आठवड्याला बदलू नका. ओठांना ओळख व्हायला वेळ लागतो.